पाखरांची शिरगणती



भाद्रपदाचा महिना आहे असे धरा. रात्री पाऊस पडून गेला आहे आणि पहाटे उघाड पडली आहे. चाकणच्या पश्चिमेला भामचंद्राचा डोंगर आहे. तुकोबा ज्या डोंगरावर एकांताला येऊन बसत, त्यांपैकीच हा एक. त्याच्या धारेवर तुम्ही आणि मी उभे आहोत. उजाडता उजाडता उत्तरेच्या अंगाने काळसर ठिपक्यांचा एक पुंजका दिसू लागतो. बघता बघता तो मोठा होतो, डोक्यावर येतो, शेकडो पंखांचा सळसळाट ऐकू येतो. थवा एकदम वळतो आणि पाखरांच्या पाठीपोटाचा फिकट गुलाबी रंग उन्हात चमकून जातो. तुमच्यापैकी कुणीही शेतकरी लगेच म्हणेल, "भोरड्या आल्या!"

आता मी तुम्हाला विचारतो, "किती होत्या हो?"

तुम्ही म्हणाल, "लई होत्या."

आज मला या ‘लई’विषयीच चार गोष्टी सांगायच्या आहेत. ‘लई’ म्हणजे नेमके किती, हे माणसाला कधीपासून विचारावेसे वाटू लागले, ते त्याने कसे मोजले, आणि न मोजल्याने आपले काय नुकसान होते, हा त्याचा इतिहास आहे.

चाकणचा इतिहास म्हटला की आपल्याला आठवतो तो संग्रामदुर्ग. १६६० च्या भर पावसाळ्यात शायिस्तेखानाच्या फौजेला सुमारे दोन महिने झुलवणारा फिरंगोजी नरसाळा आठवतो. तो इतिहास शाळेतल्या पोरांना तोंडपाठ असतो आणि असायलाच हवा. पण ज्या आभाळाखाली ती लढाई झाली त्या आभाळालाही इतिहास आहे. दर पावसाळा सरत आला की या आभाळातून परमुलुखातली पाखरे येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत जातात. भोरडी येते, धोबी येतो, माळभिंगरी येते, थिरथिरा येतो, भारीट येतो. त्यांच्या येण्याजाण्याचे दप्तर कुणी ठेवले?

पहिले मोजणारे तुमच्याच घरातले होते. ज्वारी निसवली, कणीस चिकात आले, की शेतात चार मेढींवर माळा उभा राही. माळ्यावर घरातले म्हातारे माणूस किंवा एखादे पोर बसे. हातात गोफण, शेजारी खड्यांचा ढीग, नाहीतर वाजवायला फुटके डबडे. हा राखणदार पाखरांचा मोठा जाणकार असे. पहिला थवा कोणत्या नक्षत्रात आला, तो कोणत्या बांधावरून उतरतो, कोणत्या झाडावर वस्तीला जातो, औंदा पाखरू जास्त की कमी, हे सगळे त्याला ठाऊक असे. पण हे ज्ञान डोक्यात राही, कागदावर येत नसे. म्हातारा गेला की त्याच्याबरोबर साठ पावसाळ्यांचे दप्तरही जाई.

राखणीची एक गोष्ट आपल्याकडे कीर्तनातून सांगतात. एका शेतकऱ्याने तुकोबांना शेत राखायला बसवले. पाखरे आली, कणसांवर तुटून पडली. तुकोबांना त्यांना हाकलवेना. शेतकरी येऊन पाहतो तो पाखरे पोटभर खाऊन गेलेली. भांडण पंचांपुढे गेले आणि पुढे शेतात उलट जास्तच धान्य निघाले, अशी ती कथा. ती खरी मानायची की भक्तीची, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला तिच्यातला हिशोब महत्त्वाचा वाटतो. शेतकऱ्याने पाखरांच्या नावावर फक्त खर्च मांडला होता, आणि शेवटी मोजले तेव्हा जमाही निघाली. ही गोष्ट मनात राहू द्या. पुढे आपल्याला तिच्याकडे परत यायचे आहे.

कागदावर पहिली मोठी नोंद झाली ती एका परक्याच्या हातून. त्याचे नाव विल्यम हेन्री साइक्स. हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. १८१७ च्या खडकीच्या लढाईत तो इंग्रजांच्या बाजूने लढला होता. पेशवाई बुडाली, मुलूख कंपनीच्या हाती गेला आणि नव्या धन्याला मुलखाची मोजदाद हवी झाली. १८२४ साली मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी साइक्सला दख्खनची आकडेवारी गोळा करण्याच्या कामावर नेमले. माणसे किती, जमीन किती, पाऊस किती, पीक काय, अशा चौकशा करीत तो पुणे, नगर या बाजूंनी हिंडला. सारा वसूल करणाऱ्या सरकारला हे आकडे हवेच होते. पण हा गृहस्थ एवढ्यावर थांबला नाही. गावचा खानेसुमारीचा कागद पुरा झाला की तो माळावरच्या पाखरांकडे, ओढ्यातल्या माशांकडे वळे. १८२९ च्या अखेरीस सरकारने त्याची जागाच मोडली, तरी त्याने १८३१ पर्यंत काम चालू ठेवून पुरे केले.

१८३२ साली लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे त्याने दख्खनच्या पाखरांची यादी ठेवली. सव्वादोनशेहून अधिक जातींची ही यादी आपल्या मुलखातल्या पाखरांची पहिली मोठी शास्त्रीय यादी होय. नव्या जातींना नावे देताना त्याने इथल्या देवांची आठवण ठेवली. एका चंडोलाला त्याने ‘देवा’ म्हटले आणि एका इवल्याशा वटवट्याला ‘रामा’. आजही शास्त्रीय पुस्तकांत त्यांची हीच नावे चालतात. हा रामा वटवट्या चिमणीहूनही लहान, मातकट रंगाचा. तो अंडी घालतो मध्य आशियातल्या सपाट मुलखात, आणि थंडी काढतो आपल्या बाभळीच्या काट्यांत. म्हणजे आपल्या माळावरच्या बाभळीवर टकटक करणारे हे पाखरू दर वर्षी हजारो किलोमीटरची वारी करते. साइक्सने प्राण्यांची मराठी नावेही टिपली. रानकुत्र्याला मराठे लोक ‘कोळसून’ म्हणतात, हे त्याने लिहून ठेवले आहे.

आणि भोरडी? तीही त्याच्या यादीत आहे. ज्वारी-बाजरी पिकण्याच्या दिवसांत ही पाखरे इतकी येतात की आभाळ काळवंडते, एका बाराला चाळीस-पन्नास पडतात, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने हे टोळधाडीसारखेच संकट आहे, अशा आशयाची नोंद त्याने केली. त्याच सुमारास धारवाडकडे वॉल्टर एलियट नावाचा अधिकारी होता. पांढऱ्या ज्वारीच्या शेतांत राखणदार बसवावे लागतात, ते गोफणी मारतात आणि लांब दोराचे फटके हवेत काढून मोठा आवाज करतात, असे त्याचे निरीक्षण पुढे जर्डन याच्या पक्ष्यांवरील ग्रंथात छापले गेले. म्हणजे पाहा, आपल्या पणज्याच्या पणज्याने मारलेल्या गोफणीचा आवाज आज आपल्याला या परक्या लोकांच्या कागदांतून ऐकू येतो.

पण या कागदांतही एक उणीव राहिली. साइक्स आकड्यांचा माणूस. पुढे तो विलायतेतल्या संख्याशास्त्र मंडळाचा अध्यक्षही झाला. गावोगावची माणसे त्याने मोजली. पाखरांच्या बाबतीत मात्र त्याने जाती मोजल्या, डोकी मोजली नाहीत. भोरड्या आभाळ झाकतील इतक्या, म्हणजे किती? हजार की लाख? यंदापेक्षा पुढच्या वर्षी कमी की जास्त? याचे उत्तर त्याच्या वहीत नाही. भले शास्त्रीय भाषेत असेल, पण तेही आपले ‘लई’च.

डोकी मोजायची तर कशी? हा प्रश्न साऱ्या जगाला पडला होता. अडचण अशी की लहान गाणारी पाखरे बहुतेक रात्री प्रवास करतात. दिवसा उडतात त्या भोरड्या, भिंगऱ्या, धोबी. वटवटे, माशीमार वगैरे मंडळी अंधारात निघतात आणि आपण सकाळी उठतो तेव्हा झाडांत येऊन बसलेली असतात. त्यावर माणसाने तीन युक्त्या काढल्या.

पहिली युक्ती कड्याची. १८९९ साली डेन्मार्कमधल्या व्हीबॉर्ग गावच्या मॉर्टेन्सन नावाच्या एका शाळामास्तराने भोरडीच्याच भाऊबंदांना, म्हणजे तिकडच्या मैनांना, पकडून त्यांच्या पायांत ॲल्युमिनियमची हलकी कडी घातली. कड्यावर आकडा आणि पत्ता. ते पाखरू पुढे कुठे सापडले की पत्र येई, आणि पाखराचा रस्ता नकाशावर उमटे. गुरुजनहो, हे काम एका शाळामास्तराने सुरू केले, हे विसरू नका.

दुसरी युक्ती डोंगराची. स्वित्झर्लंड आणि फ्रान्स यांच्या सरहद्दीवर आल्प्स पर्वतात ब्रेतोले नावाची खिंड आहे. तिची उंची सुमारे १९०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून जास्त. उन्हाळा सरता सरता दक्षिणेला निघालेली पाखरे समोरून वारा आला की उंच उडत नाहीत. ती डोंगराच्या अंगाला धरून, खिंडीखिंडींतून काढता पाय घेतात. बाजारच्या दिवशी सगळी वाहने एका नाक्यावरूनच जावीत, तसे होते. नाक्यावर बसले की मोजणी सोपी. १९५८ पासून तिथल्या पक्षिसंशोधकांनी दर वर्षी या खिंडीत मुक्काम ठोकला. जाळी लावायची, पाखरू अलगद सोडवायचे, तोलायचे, कडे घालून सोडून द्यायचे. वर्षामागून वर्षे तोच नाका, तोच मोसम, तीच रीत. म्हणून यंदाचा आकडा मागच्या आकड्याशेजारी मांडता येतो.

तिसरी युक्ती तर फारच गमतीची. पौर्णिमेच्या आसपास दुर्बीण चंद्रावर रोखून बसायचे. रात्री उडणारे पाखरू चंद्रबिंबावरून गेले की क्षणभर काळा ठिपका दिसतो. ते ठिपके मोजायचे आणि त्यावरून साऱ्या आभाळाचा अंदाज करायचा. अमेरिकेत लाउअरी नावाच्या प्राध्यापकाने १९४० नंतरच्या वर्षांत ही रीत बसवली, आणि १९५२ च्या शरद ऋतूत दोनशेहून अधिक ठिकाणी लोक असे चंद्राकडे पाहत बसले.

आपल्या देशात पहिली कडी घातली गेली ती एका मराठी संस्थानात. धारच्या पवार महाराजांनी १९२६ साली हे काम सुरू केले आणि पाठोपाठ मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने ते हाती घेतले. या संस्थेची स्थापना १८८३ ची. पण त्या काळी कडी चढली ती बहुतेक बदकांच्या पायांत. लहान पाखरांची पाळी आली १९५९ नंतर, आणि तिला निमित्त झाले एका रोगाचे. १९५७ साली म्हैसूर राज्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, माणसांना ताप येऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्याचा शोध घेतला. गोचिडांतून पसरणारा हा विषाणू रशियातल्या एका रोगाच्या विषाणूचा जवळचा नातलग निघाला. मग शंका आली की उत्तरेकडून येणारी पाखरे तर तो घेऊन आली नाहीत? जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने डॉ. सालिम अली आणि त्यांचे सहकारी कामाला लागले. हजारो पाखरे धरली, तपासली, कडी घालून सोडली. पाखरांनी तो रोग आणला असे काही सिद्ध झाले नाही. पण त्यांच्यावर आळ आला म्हणून त्यांची मोजणी झाली, आणि कुठले पाखरू कुठून येते हे आपल्याला कळू लागले.

आता तुकोबांच्या गोष्टीकडे परत येऊ. भोरडीच्या नावावर आपण शतकानुशतके खर्च मांडला. साइक्सने तिची तुलना टोळांशी केली. पण ती येते कुठून, आणि तिकडे ती काय करते? तिचे माहेर मध्य आशियातल्या गवताळ मुलखात, तिथून पश्चिमेला काळ्या समुद्रापर्यंत. चाकणहून कझाकस्तान म्हणजे अडीच-तीन हजार किलोमीटर. तिथे मे-जूनमध्ये दगडांच्या ढिगांत, कड्यांच्या कपारींत हजारो जोड्या एकत्र घरटी करतात. आणि पिल्लांना भरवतात काय? टोळ आणि नाकतोडे! जिथे टोळ जास्त तिथे भोरड्यांची वसाहत. ज्या पाखराला आपण टोळधाड म्हटले तेच टोळांचा वैरी निघाले. चीनच्या शिंजियांग प्रांतात १९८० नंतरच्या काळात लोकांनी मुद्दाम दगडांचे ढीग रचले, का, तर भोरड्यांनी यावे, राहावे आणि टोळ खावेत. औषध फवारण्यापेक्षा त्यांना हे परवडले.

आपल्याकडेही भोरडी आली की लगेच कणसावर बसत नाही. ऑगस्टमध्ये येते तेव्हा ज्वारीला अजून दाणा नसतो. त्या दिवसांत ती माळावरचे, गवतातले नाकतोडे टिपते. जाण्याच्या सुमारास, म्हणजे फाल्गुन-चैत्रात, पळस, पांगारा, सावर फुलतात. तेव्हा फुलांतला रस पिताना तिचे तोंड परागाने माखते आणि त्या झाडांच्या फळधारणेला हातभार लागतो. म्हणूनच तिचे दुसरे नाव पळसमैना. मधल्या दिवसांत ती ज्वारी खाते, हेही खरे आहे. ज्याची कणसे रिकामी झाली त्याला पळसाच्या फुलांच्या गोष्टी सांगून पोट भरत नाही, हे मी जाणतो. माझे म्हणणे एवढेच की हिशोब करायचा तर वहीची दोन्ही पाने भरा. एकच पान भरून काढलेली बाकी खोटी असते.

आणि आता हिशोबच बदलतो आहे. पिंपरीला १९५४ साली पेनिसिलिनचा सरकारी कारखाना आला, १९६० नंतर भोसरीकडे औद्योगिक वसाहत झाली, आणि १९९० नंतर तीच लाट चाकणला येऊन पोहोचली. भामचंद्रावरून आज खाली पाहिले तर निळ्यापांढऱ्या पत्र्यांची छपरे आणि मालमोटारींच्या रांगा दिसतात. तालुक्यातल्या पोरांना त्यातून काम मिळाले, घरात पैसा आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण माळ गेला, गवत गेले, ज्वारीचे पट्टे तुटले. माळा गेला आणि माळ्यावरचा राखणदारही गेला. पाखरे मोजणारा जो एकुलता एक माणूस शेतात होता, तोही आता उरला नाही.

देशभरात मोजणी मात्र पुन्हा सुरू झाली आहे, आणि ती साध्या लोकांनी केली आहे. २००७ साली बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी लोकांना साद घातली की हिवाळी पाहुणा तुमच्या गावी पहिल्यांदा कधी दिसला ती तारीख कळवा. पुढे अशा नोंदी वाढत गेल्या. २०२३ साली देशातल्या पाखरांच्या स्थितीचा जो अहवाल निघाला त्यामागे सुमारे ३० हजार लोकांनी केलेल्या सुमारे ३ कोटी नोंदी होत्या. त्यात ९४२ जातींचा विचार झाला. ज्या ३३८ जातींचा दीर्घ काळचा कल काढता आला त्यांतल्या शेकडा ६० जाती घटल्या आहेत. लांबून येणारे पाहुणे आणि माळरानावरची पाखरे यांना विशेष झळ बसली आहे. हे आपल्याला कळले ते नोंदी होत्या म्हणून. ज्या गावातून नोंद नाही, त्या गावाचे पाखरू वाढले की घटले हे कोणता अहवाल सांगणार?

म्हणून शेवटी गुरुजनांना एक काम सांगतो. त्याला पैसा लागत नाही. श्रावण संपत आला की गावाजवळचा एक डोंगर, टेकडी, नाहीतर देवळाची उंच पायरी निवडा. आठवड्यातला एक वार ठरवा. उजाडल्यापासून एक तास मुलांना घेऊन बसा. थवा आला की सगळी पाखरे मोजायच्या भानगडीत पडू नका. आधी दहा मोजा. त्या दहांनी आभाळात केवढी जागा घेतली ते डोळ्यांत ठेवा. तशा किती जागा थव्यात बसतात ते पाहा. दहा मुलांनी वेगवेगळे मोजावे आणि मग आकडे ताडून पाहावेत. गणिताचा यापेक्षा चांगला तास कुठला? वहीत तारीख, वेळ, वारा कोणत्या दिशेचा, आभाळ कसे, पाखरू कोणते, किती, आणि मोजले कुणी, एवढे लिहा. नाव येत नसेल तर गावात जे म्हणतात तेच लिहा. मारुती चितमपल्लींनी अशीच रानातल्या लोकांच्या तोंडची नावे गोळा करून ‘पक्षिकोश’ सिद्ध केला.

आणि एक मात्र सांभाळा. ज्या दिवशी काहीच दिसले नाही त्या दिवशी पान कोरे ठेवू नका. ‘एकही नाही’ असे स्वच्छ लिहा. कोऱ्या पानावरून पुढच्या माणसाला एवढेच कळेल की तुम्ही गेला नव्हता. ‘एकही नाही’ वाचून कळेल की तुम्ही गेला होता आणि पाखरू आले नव्हते. या दोहोंत फार अंतर आहे.

शेतकरी बंधूंनो, तुमच्या घरात ज्वारी राखलेले कुणी वडीलधारे असेल तर या मुलांना त्यांच्यापाशी बसवा. पहिला थवा कोणत्या नक्षत्रात येई, कोणत्या बाजूने येई, वस्तीला कोणत्या झाडावर जाई, हे त्यांना विचारा आणि वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्या नावाने लिहून घ्या. साइक्स साहेबाला जे विचारायचे राहिले ते अजून विचारता येईल, पण फार दिवस नाही. ती माणसेही आता ऐंशीच्या घरात आहेत.

यंदा भाद्रपदात कुणी तुम्हाला विचारील, "भोरड्या आल्या का? किती आल्या?" तेव्हा वही उघडून आकडा सांगा.